ल्युबेन मास्तरांची भिंत

तळघर रिकामं करण्याची नोटीस लागली तेव्हा एकट्या ल्युबेन मास्तरांना सोडून सगळ्या इमारतीच्या कपाळाला आठ्या पडल्या. नोटीस खालच्या दारावर, मयत झालेल्या मंडळींच्या फोटोंच्या कागदांशेजारीच चिकटवलेली होती. त्यामुळे निम्म्या लोकांनी ती कोण गेलं हे बघण्यासाठी वाचली. गेलं कोणी नव्हतं. इमारतीला बाहेरून थंडी अडवणारा जाड थर चढवायचं काम निघालं होतं, कंत्राटदाराला यंत्रं ठेवायला तळघर हवं होतं, आणि इमारतीच्या व्यवस्थापक त्सोन्काबाई यांनी खाली ठणकावून लिहिलं होतं की ठरल्या दिवसानंतर तिथे जे उरेल ते कचरा समजलं जाईल.

मास्तरांना ‘कचरा’ हा शब्द वाचून गुदगुल्या झाल्या. माणूस शाळेतून चित्रकला शिकवून निवृत्त झालेला, पण खरा धंदा वेगळाच: पाडलेल्या घरांचं जे उरतं त्यातून शिल्पं करायची. खिडक्यांच्या जुन्या कड्यांचा पक्षी, घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरची बाई, गंजलेल्या बाथटबची घंटा. ही घंटा त्यांच्या बाल्कनीत टांगलेली होती आणि वारा सुटला की समोरच्या इमारतीपर्यंत ऐकू जात असे. समोरची इमारत त्याबद्दल काय म्हणे ते इथे लिहिण्यासारखं नाही. बायको नेव्हेना औषधाच्या दुकानात काम करायची आणि तीस वर्षांत तिने एकच अट घातली होती: स्वयंपाकघरात काही आणायचं नाही. ती अट मास्तरांनी बहुतेक पाळली होती.

तळघरात काय निघालं, तर टाइल्स. इमारत बांधली त्या काळी सरकारने प्रत्येक घराला न्हाणीघरासाठी टाइल्स दिल्या होत्या आणि फुटतूट होईल म्हणून वर एकेक खोकं जास्तीचं. फिकट निळ्या, पिस्त्याच्या रंगाच्या, आणि एक तपकिरी, जी कुणीच मागितली नव्हती पण पहिल्या मजल्याला मिळाली होती. ती खोकी इतकी वर्षं लोणच्याच्या बरण्यांमागे आणि बर्फावरून घसरायच्या मोडक्या स्लेजखाली पडून होती. आता लोक ती वर आणून कचऱ्याच्या पेटीशी ठेवू लागले आणि मास्तर ती उचलून पुन्हा खाली एका खोलीत नेऊ लागले. कंत्राटदाराने तेवढी एक कोपऱ्यातली खोली सोडली होती, कारण तिच्यात हिवाळ्यासाठी आंबवायला घातलेल्या कोबीची सगळ्यांची पिंपं होती आणि कोबीच्या पिंपाला हात लावण्याइतका धीट कंत्राटदार आमच्या नदीकाठी अजून जन्मायचा आहे.

याच सुमाराला रालित्सा नावाची एक तरुण बाई मास्तरांकडे आली. बंदराजवळच्या जुन्या धान्याच्या कोठारात तिने गॅलरी काढली होती. तिने घंटा पाहिली, वाजवून पाहिली, आणि मास्तरांना सबंध दालन देऊ केलं. एकट्याचं प्रदर्शन, डिसेंबरच्या सुरुवातीला. मास्तरांची आजवरची कारकीर्द म्हणजे दोन सामूहिक प्रदर्शनं, आणि त्यातल्या एकात कुणीतरी रेडिएटरच्या बाईवर ओला कोट वाळत घातला होता. त्यामुळे रालित्सा गेल्यावर ते थेट स्वयंपाकघरात नेव्हेनाकडे गेले. म्हणाले, ‘‘मी भिंत करणार. आपल्या इमारतीच्या टाइल्सची. सबंध इमारत एका भिंतीत.’’

‘‘कर,’’ नेव्हेना म्हणाली. ‘‘फक्त इथे नको.’’

आता एखाद्याने भिंत करायची म्हटलं तर त्याला करू द्यावी. पण मास्तरांच्या खालच्या मजल्यावर बोंचो राहत होता. बोंचो आयुष्यभर डॅन्यूब नदीवरच्या बोटींवर मेकॅनिक होता, आणि जमिनीवरची कुठलीही गोष्ट त्याला पटत नसे. तो रोज कोबीचं पाणी ढवळायला खाली यायचा आणि उलट्या बादलीवर बसून मास्तरांचं काम बघायचा. टाइल्स धुवून रंगाप्रमाणे लावणं चूक आहे, आकाराप्रमाणे लावा, असं त्याचं मत. आकार सगळ्यांचा एकच आहे हे दाखवल्यावर म्हणाला, जहाजावर असं कधी चालायचं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मधोमध सूर्य काढायला सांगितलं. कुणी म्हणालं देवाचं चित्र, कुणी म्हणालं फुटबॉलच्या संघाचं चिन्ह. मास्तरांनी सगळ्यांना सांगून पाहिलं की चित्र काढायचंच नाहीये, टाइल म्हणजेच चित्र आहे. त्यावर सगळ्यांनी त्यांच्याकडे, आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि नेव्हेनाला सांभाळून राहायला सांगितलं.

भिंतीच्या पायाशी बसवायला मास्तरांनी एक संगमरवरी उंबरा जपून ठेवला होता. शहरातलं जुनं सार्वजनिक स्नानगृह पाडलं तेव्हा गाढवासारखं ओझं वाहून त्यांनी तो आणला होता. हजारो ओल्या पावलांनी झिजून मधोमध मऊ झालेला दगड. नोव्हेंबरात एका सकाळी बघतात तर उंबरा नाही. तळघर पालथं घातलं. बोंचोला विचारलं, तर त्याने जहाजावरच्या चोऱ्यांचा इतिहास सांगितला. शेवटी मास्तर त्सोन्काबाईंकडे तक्रार घेऊन गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चौकशी करते म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

काही दिवसांनी त्याच स्वतः वर आल्या. चेहरा असा, की घरात कुणाचं बरंवाईट झालंय. मास्तरांना हाताला धरून खाली नेलं आणि आपल्या पिंपाचं झाकण उघडलं. आत पांढरा फेस होता, कोबी ओल्या मोज्यांसारखा लिबलिबीत झाला होता, आणि त्याच्या छातीवर, कोबी दाबून धरायला, मास्तरांचा उंबरा. संगमरवर आंबट पाण्यात विरतो हे शाळेत शिकवलेलं असतं, पण ते कोबीच्या संदर्भात शिकवत नाहीत. दगडाची एक बाजू वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी झाली होती.

मास्तरांना वाटलं, आता बाई माफी मागणार. ते मोठ्या मनाने ‘असू द्या’ म्हणायच्या तयारीत होते.

‘‘मास्तर, तुमच्या दगडाने माझा हिवाळा घालवला,’’ त्सोन्काबाई म्हणाल्या. ‘‘असला विषारी दगड सगळ्यांच्या तळघरात ठेवायचा, तर त्यावर एक चिठ्ठी तरी लावायची की नाही?’’

पुढचं सांगायला लाज वाटते. ज्यांची वस्तू चोरीला गेली त्याच मास्तरांनी बाजारात जाऊन, गड्डे दाबून-दाबून बघत, त्सोन्काबाईंना नवीन कोबी आणून दिला, स्वतः तिसऱ्या मजल्यावर वाहून नेला, आणि वर नदीतला एक गोटाही आणून दिला. नेव्हेनाने विचारलं की तू का दिलास, तर ते उंबरा घासायला बसले. उंबरा धुवून त्यांनी भिंतीसाठी तसाच ठेवला. झिजवण्याचं काम कोबीनेही केलं, असं म्हणून मनाची समजूत घातली.

मग प्रश्न आला टाइल्स बंदरापर्यंत नेण्याचा. टेम्पोवाल्याने खोक्यांत डोकावून हात वर केले. जुनं बांधकामाचं सामान गाडीत सापडलं की कुठेतरी फेकायला नेताय म्हणून दंड होतो, तेव्हा आधी कागद आणा. मास्तर नगरपालिकेत कचरा विभागात गेले. तिथल्या बाईंनी सांगितलं की हा बांधकामाचा राडारोडा आहे, त्याची परवानगी मिळेल, पण ती फक्त शहराबाहेरच्या डेपोत नेण्याची. मास्तर म्हणाले, मला गॅलरीत न्यायचाय. मग तो कचरा नाही, बाई म्हणाल्या, समोर संस्कृती विभागात जा.

संस्कृती विभाग खरंच समोर होता. दोन्ही दारं उघडी असली की दोन्हीकडचे एकमेकांना दिसत. तिथल्या सद्गृहस्थांनी विचारलं, कलाकृती कुठे प्रदर्शित झाली आहे? अजून नाही, मास्तर म्हणाले, कारण ती तिथे नेताच येत नाही. मग ती अजून कलाकृती नाही, गृहस्थ म्हणाले, ते साहित्य आहे. साहित्य कशाचं? भिंतीचं. भिंत म्हणताच गृहस्थांचा चेहरा उजळला. भिंत म्हणजे बांधकाम. वरच्या मजल्यावर जा, इंजिनियरच्या सहीचा नकाशा लागेल, पाया किती खोल ते विचारतील.

‘‘अहो, मी कलावंत आहे,’’ मास्तर जिन्यात उभे राहून म्हणाले. आवाज जरा चढला होता.

‘‘हो, पण तुम्हाला घरी न्यायला बरोबर कोण आहे?’’ कचरा विभागातल्या बाईंनी समोरून काळजीने विचारलं.

त्या दिवशी मास्तर घरी येऊन जेवले नाहीत. भरलेल्या मिरच्या ताटात तशाच गार झाल्या. रालित्साला फोन करून प्रदर्शन नको म्हणून सांगावं, इथपर्यंत मजल गेली. नेव्हेनाने दोन घास खाऊन विचारलं की एका टाइलला परवानगी लागते का? नाही. दहा टाइल्सना? बहुधा नाही. मग बाजाराची चाकांची पिशवी कशाला आहे?

आमच्या इमारतीत म्हाताऱ्या बायकांची आणि चाकांच्या पिशव्यांची कधीच टंचाई नव्हती. त्सोन्काबाईंना तळघर मोकळं हवंच होतं, त्यामुळे त्यांनी या मोहिमेचं सेनापतिपद कुणी न देताच घेतलं. आठवडाभर आमच्या थांब्यावरून सुटणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीबसमध्ये दोन-तीन बायका खडखडणाऱ्या पिशव्या घेऊन बंदराकडे जात होत्या. तिकीट तपासनिसाने एकीची पिशवी उचलून बघायचं ठरवलं, त्याला ती उचलता येईना, तेव्हा त्याने कोबीबद्दल काहीतरी म्हणून नाद सोडला. बोंचोने उंबरा आणला, आणि तो आणताना आपली पाठ गेली हे तो आजतागायत सांगतो.

गॅलरीच्या भिंतीला हात लावायचा नाही अशी रालित्साची अट होती. म्हणून मास्तरांनी दुकानातून कोरं प्लायवूड आणि गोंदाचे डबे विकत आणले आणि त्यावर टाइल्स चिकटवल्या. वर निळ्या, मध्ये पिस्ता, खाली तपकिरी, तळाशी उंबरा. कडेच्या तुटक्या टाइल्सही होत्या तशाच. पूर्ण झाली तेव्हा ते दालनाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि त्यांना दिसलं की पहिल्यांदाच डोक्यातली वस्तू आणि समोरची वस्तू एकच आहे. असं माणसाच्या आयुष्यात फार वेळा होत नाही. त्यांनी नाक शिंकरलं आणि दिवे बंद केले.

उद्घाटनाला सगळी इमारत आली. राजधानीहून, सोफियाहून, एक समीक्षक आले होते. ते गैरहजेरी, पोकळी आणि विस्मरण यांवर बोलले. लोक त्यांच्याकडे पाठ करून भिंतीसमोर उभे होते. निळ्यांतल्या एकीवर कुणाच्या तरी जावयाने नेम चुकून मारलेल्या ठोक्याची खूण निघाली, त्यावरून तो जावई, मग त्याचा घटस्फोट. पहिल्या मजल्याची मंडळी तपकिरी पट्ट्यासमोर अपराध्यासारखी गोळा झाली. बोंचोने भिंत बोटाने ठोकून पाहिली आणि काहीच बोलला नाही. मास्तर त्याचं मौन मनात जपून घरी घेऊन गेले. नेव्हेनाने रस्त्यात त्यांचा हात धरला होता. तीही रोजची गोष्ट नव्हती.

दुसऱ्या दिवशी, संत निकोलाच्या सणाला, घराघरांत मासे भट्टीत असताना, इमारतीतला गरम पाण्याचा उभा पाइप फुटला.

प्लंबर आले. त्यांनी सांगितलं की एका जागी जोडून उपयोग नाही, पाइप वरपासून खालपर्यंत कुजलाय, सगळा बदलावा लागेल. पाइप न्हाणीघरांच्या भिंतींत होता. दोन दिवसांत प्रत्येक घराच्या न्हाणीघराला माणूस आत शिरेल एवढं भगदाड पडलं आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंचं गुणगुणणं पहिल्या मजल्यापर्यंत स्वच्छ ऐकू येऊ लागलं. नवीन पाइप बसला, सिमेंट भरलं, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की त्यावर लावायला टाइल नाही. तो कारखाना केव्हाच बंद पडलेला. दुकानातल्या टाइल्सचा रंग वेगळा, माप वेगळं, जाडी वेगळी. एक तर सबंध न्हाणीघर नव्याने करा, नाहीतर भिंतीवर सिमेंटचं ठिगळ घेऊन जगा. जगात एकच जागा होती जिथे त्या टाइल्स होत्या, आणि ती बंदरावर रोज उघडी असे, सोमवार सोडून.

त्सोन्काबाई सकाळी चीज भरलेली बानित्सा घेऊन आल्या. तेव्हाच मास्तरांना शंका यायला हवी होती. बाईंनी दोन ओळी निळ्या मागितल्या, फक्त दोन, त्याही त्यांच्याच खोक्यातल्या.

‘‘बाई, ती आता टाइल राहिलेली नाही,’’ मास्तर म्हणाले. ‘‘ती एका कलाकृतीचा भाग आहे. त्यातून एक काढली तर सगळंच जाईल.’’

‘‘आणि माझ्या भिंतीतून गेली त्याचं काय? तीही भिंतच होती.’’

मास्तर ठाम राहिले. बानित्सासुद्धा परत केली, यावरून त्यांची मनःस्थिती कळावी. मग एकेक जण येऊ लागला. कुणी रडून, कुणी जुनी मैत्री काढून. बोंचोने सुचवलं की मधल्या एक सोडून एक टाइल्स काढल्या तर कुणाला कळणार नाही. मास्तरांनी सगळ्यांना तेच उत्तर दिलं आणि प्रत्येक वेळी ते उत्तर थोडं लांबत गेलं, शेवटी त्यात प्राचीन रोमन लोकही आले. जिन्यात लोक त्यांना नमस्कार करेनासे झाले.

मास्तरांच्याही न्हाणीघराला भगदाड होतंच. तिथे पिस्त्याच्या रंगाऐवजी प्लास्टिकचा कागद लावला होता आणि अंघोळीच्या वेळी तो श्वास घेतल्यासारखा आतबाहेर होई. नेव्हेना भांडली नाही. ती फक्त अंघोळीला बहिणीकडे जाऊ लागली. खांद्यावर टॉवेल टाकून, साबण हातात उघडा धरून, जिन्यात जो भेटेल त्याला आपण कुठे चाललोय ते न विचारता सांगत. असे काही दिवस गेले. मास्तरांना भांडण पेलवलं असतं, पण तो साबण पेलवेना.

एका सकाळी गॅलरी उघडताच ते पातळ छिन्नी खिशात घालून गेले आणि भिंतीच्या एका कडेच्या, सहसा कुणी बघत नाही अशा, पिस्ता टाइल्स हलक्या हाताने सुटवून घेतल्या. घरी येऊन दार लावून त्या बसवल्या. ठोकताना रबरी हातोडीवर रुमाल गुंडाळला होता. पण जो माणूस इंजिनाच्या धडधडीत एक ढिली चाकी ऐकून ओळखायचा, तो बोंचो नेमका खाली राहत होता.

संध्याकाळी दार उघडलं तर जिन्यात सगळी इमारत उभी होती. त्सोन्काबाई पुढे. त्यांनी आत जाऊन न्हाणीघर पाहिलं, ओल्या सांध्यांवरून बोट फिरवलं, आणि बाहेर आल्या.

‘‘म्हणजे तुमच्या न्हाणीघरापुढे कला वाकते,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि आमच्यापुढे ताठ उभी राहते. एवढंच समजून घ्यायचं होतं.’’

मास्तरांनी तोंड उघडलं. रोमन लोक आठवेनात. मागे नेव्हेना दाराशी उभी होती, केस ओले, टॉवेल डोक्याला. 

‘‘कुणाला किती हव्यात ते सांगा,’’ मास्तर म्हणाले.

आता रालित्सा प्रदर्शन बंद करेल, करार दाखवेल, अशी त्यांची खात्री होती. मनातून त्यांना तसंच हवं होतं. कुणीतरी भिंतीच्या बाजूने उभं राहायला हवं होतं. पण रालित्साने ती भोकं पाहिली आणि तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, मास्तर, ही तर आता कुठे पूर्ण होतेय. मास्तर म्हणाले, पूर्ण नाही, कमी होतेय, लोकांना न्हाणीघरासाठी हव्यात. ती म्हणाली, तेच. तिने पत्रकाराला बोलावलं. वर्तमानपत्रात फोटो आला, मास्तर छिन्नी घेऊन वाकलेले, आणि खाली लिहिलं होतं की या कलावंताने कला समाजाला परत केली. समीक्षकाने सोफियाहून कळवलं की पोकळीबद्दल आपण बोललो होतोच. सबंध भिंत उभी होती तेव्हा तिच्याबद्दल एक ओळ छापून आली नव्हती. मास्तरांनी तो अंक चुलीला लावायला काढला, नेव्हेनाने तो जपून ठेवला.

सबंध जानेवारी मास्तर इमारतीच्या न्हाणीघरांत गुडघ्यांवर होते. गवंडी मिळत नव्हते, आणि बोंचोने स्वतःच्या हाताने बसवलेल्या ओळी बघून कुणीही त्याला आपल्या घरात घ्यायला तयार नव्हतं. मागे घरमालक, घरमालकीण आणि शेजारी उभे राहून सांगत, जरा डावीकडे, जरा वर, मास्तर, तुम्हाला दिसत नाहीये का. सूर्याचा आग्रह धरणाऱ्या बाईंनी पुन्हा सूर्य मागितला. तपकिरी मात्र कुणालाच नको होत्या. पहिल्या मजल्याने जेव्हा ‘थोड्या निळ्या मिळतील का’ असं विचारलं तेव्हा मास्तर सगळ्या तपकिरी त्यांच्या दारात ठेवून आले.

प्रदर्शन संपलं तेव्हा भिंतीवर एकही टाइल नव्हती. उंबरासुद्धा बोंचोने पाठीच्या बदल्यात म्हणून आपल्या दाराशी बसवून घेतला होता. उरलं होतं प्लायवूड आणि त्यावर वाळलेल्या गोंदाचे करडे ठिपके. रालित्साचा फोन आला की गॅलरी ते कायमसाठी विकत घेते आहे.

‘‘अगं, पण ते सगळं मी दुकानातून नवीन आणलंय,’’ मास्तर फोन ठेवून नेव्हेनाला म्हणाले. आवाजात रडणं की हसणं हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. ‘‘जन्मभर लोकांनी टाकलेलं उचलून काम केलं. आणि घेतलं काय त्यांनी, तर जे एकच टाकलेलं नव्हतं तेच.’’

‘‘कुणाला सांगू नकोस,’’ नेव्हेना म्हणाली. ‘‘आणि हात धू, जेवायला बसू.’’

ते हात धुवत होते तेवढ्यात त्सोन्काबाईंचं बोलावणं आलं. मास्तर खाली गेले ते भांडायच्या तयारीने. टाइल वाकडी आहे, सांधा सुटला आहे, काहीतरी असणार. बाईंनी त्यांना थेट न्हाणीघरात नेलं. निळ्या ओळी पुसून लख्ख केल्या होत्या. बाईंनी एक जाड काळं पेन पुढे केलं.

‘‘सही करा.’’

मास्तरांना वाटलं, काम झाल्याची पावती. कागद कुठे, असं त्यांनी विचारलं.

‘‘कागद कशाला? भिंतीवर करा. वरती पुन्हा गळायला लागलंय, उद्या प्लंबर येणार आहेत. नाव लिहिलेलं असलं की हातोडा घालण्याआधी निदान विचारतील तरी, हे कुणाचं काम म्हणून. मी सांगेन.’’

 गॅलरीत मास्तरांचं नाव छापील पट्टीवर होतं, वर्तमानपत्रात फोटोखाली होतं. पण सही आजवर कुणी मागितली नव्हती. ते गुडघ्यांवर बसले, बाहीने शेवटची टाइल कोरडी केली आणि पाइपाच्या शेजारी, ओल लागणार नाही अशा जागी, सावकाश सबंध नाव लिहिलं.

त्सोन्काबाईंनी चष्मा लावून ते वाचलं.

‘‘तारीखही घाला,’’ त्या म्हणाल्या.

मास्तरांनी तारीखही घातली.